गुहेची भिंत : आधी ऐकावी, मग बांधावी

कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या पाण्यात चुनखडी विरघळते. म्हणजे ज्या पाण्यानं गुहा घडवली, तेच तिची भिंत सैल करतं. म्हणून आपण आधी तपासतो. हातोडीनं हलकं ठोकायचं. आवाज खणखणीत तर दगड धरून आहे, बद्द तर मागे पोकळी. भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची. ती तडकली तर भेग हलते आहे. मग पोलादी बोल्ट; पण पाण्याची वाट बुजवायची नाही, नाहीतर मागे दाब साठतो. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेत गेल्या शतकात छताला आधार म्हणून भिंती बांधल्या. त्यानं आतली हवेची ये-जाच बदलली. छत राहिलं, पण चित्रं त्या हवेवरही जगतात ना? तेव्हा बांधण्याआधी आपण ठरवू या : नेमकं काय टिकवायचं आहे?