आठवड्याचा बाजार आणि घरचा तराजू

महागाईचा विषय निघाला की आपल्या वस्तीत कोणीच गप्प बसत नाही. गप्प बसण्याचे कारणही नाही. महागाई गरिबाने आणलेली नाही आणि गरिबाच्या काटकसरीने ती जाणारही नाही. तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले पाहिजेत, सरकारला जाब विचारलाच पाहिजे. परंतु मोर्चा रोज नसतो आणि चूल रोज पेटवावी लागते. म्हणून हाती आलेल्या पैशात आठवड्याचा किराणा आणि भाजीपाला कसा भागवावा, हा प्रश्नही आम्ही चळवळीचाच मानतो. मुलांच्या फीचे आणि वह्या-पुस्तकांचे पैसे जिथे गळतात, ती पहिली जागा बहुधा वाण्याची वही असते, असा वस्तीत काम करताना आलेला आमचा अनुभव आहे.

काही शिकल्यासवरल्या बांधवांना वाटते की मीठ-मिरचीच्या हिशेबाचा आणि धम्माचा काय संबंध? संबंध आहे. कोलीय कुळातील दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवान बुद्धांकडे आला. आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, आम्हाला या जगात सुखाने राहता येईल असे काही सांगा, अशी त्याने विनंती केली. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उद्योगीपणा, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि समजीविता, म्हणजे मिळकत पाहून बेताने जगणे. ही चौथी गोष्ट समजावताना त्यांनी दाखला दिला तो तराजूचा. तराजू धरणाऱ्याला पारडे कितीने खाली गेले आणि कितीने वर आले हे कळते, तशी गृहस्थाला आपली मिळकत आणि आपला खर्च कळला पाहिजे. मिळकत थोडी आणि राहणी मोठी हे जसे चूक, तसेच मिळकत असून अर्धपोटी राहणे हेही चूक, असे त्यांनी त्याच उपदेशात सांगितले आहे. धम्माला उधळपट्टी मान्य नाही आणि उपासमारही मान्य नाही. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना त्यांपैकी एक सुख त्यांनी 'अनृणसुख' म्हणून सांगितले. डोक्यावर कोणाचे देणे नसण्याचे हे सुख आपल्या घरात कसे येईल, ते पाहू.

महिन्याचे आठवडे चार नव्हेत

पगारदार घरांत एक चूक सर्रास आढळते. किराण्यासाठी ठेवलेल्या पैशाचे चार सारखे भाग करतात आणि दर आठवड्याला एक भाग खर्च करतात. समजा, महिन्याला ६,००० रुपये ठेवले, तर आठवड्याला १,५०० रुपये. हिशेब बरोबर वाटतो. पण चार आठवड्यांचे दिवस होतात २८ आणि महिना असतो ३० किंवा ३१ दिवसांचा. शेवटचे दोन-तीन दिवस डबे रिकामे होतात आणि मुलाला चिठ्ठी देऊन दुकानात पाठवले जाते. उधारीचे मूळ पुष्कळदा या दोन-तीन दिवसांत असते. पुढचा पगार आला की आधी ती उधारी भागवावी लागते, म्हणून पुढच्या महिन्याचा पहिला आठवडाच तोकडा पडतो.

यावर उपाय सोपा आहे. महिन्याच्या रकमेला दिवसांनी भागावे आणि सातने गुणावे. ६,००० भागिले ३० म्हणजे दिवसाला २००, आठवड्याला १,४००. चार आठवड्यांचे ५,६०० होतात आणि शेवटच्या दोन दिवसांसाठी ४०० रुपये हातात राहतात. महिना ३१ दिवसांचा असेल तर ३१ ने भागावे. प्रत्येक आठवड्याचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवून त्यावर तारीख लिहावी.

नाक्यावर उभे राहणाऱ्या बिगारी-गवंडी बांधवांची गोष्ट वेगळी. त्यांना हप्ता शनिवारी मिळतो आणि पुढच्या आठवड्यात काम मिळेल याची खात्री नसते. त्यांनी काम असलेल्या आठवड्यात दोन किलो तांदूळ आणि अर्धा किलो डाळ जादा भरून ठेवावी. बिनकामाच्या आठवड्यात हाच साठा घर सावरतो.

वाण्याची वही

उधारीला व्याज नसते असे म्हणतात. ते कागदावर नसते, एवढेच. उधार घेणाऱ्याला भाव करता येत नाही. तांदळात कणी जास्त आहे, डाळ जुनी आहे, असे तोंड उघडून म्हणता येत नाही. शेजारच्या दुकानात तीच वस्तू स्वस्त असली तरी तिकडे जाता येत नाही. शिवाय वहीत काय लिहिले गेले ते पुष्कळ घरांत कोणी वाचूनही पाहत नाही. बाबासाहेबांनी आपल्या हातात लेखणी दिली. स्वतः त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या लेकरांनी आपल्या घरच्या रुपयाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीवर सोडून द्यावा, हे शोभत नाही.

जुनी उधारी एकदम फिटत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून ती नव्या खरेदीपासून वेगळी करावी. समजा, बाकी २,४०० रुपये आहे. दुकानदाराला स्पष्ट सांगावे की आजपासून नवा माल रोखीने घेऊ आणि जुन्या बाकीपोटी दर आठवड्याला २०० रुपये देऊ. बारा आठवड्यांत वही कोरी होते. बहुतेक दुकानदार याला तयार होतात, कारण त्यांनाही बुडीत बाकीपेक्षा ठरलेला हप्ता बरा वाटतो. मात्र दिलेला प्रत्येक हप्ता आपल्याही वहीत लिहून दुकानदाराची सही घ्यावी.

कात्री कुठे लावू नये

काटकसर म्हटली की घरात पहिली कात्री आईच्या ताटाला लागते. सर्वांचे झाल्यावर ती जेवायला बसते, आमटी संपलेली असते, आणि ती चटणी-भाकरीवर भागवते. हे कोणी ठरवून करत नाही, पण घरोघरी घडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. आईच्या रक्तातून केलेली बचत ही बचत नव्हे. ती पुढे दवाखान्यात दामदुपटीने भरावी लागते.

म्हणून डाळ-कडधान्य, पालेभाजी, अंडी आणि लहान मुलांचे दूध यांना हात लावू नये. भाव वाढला तर वस्तू बदलावी, पण पोषण सोडू नये. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली तेव्हा ज्या घरांनी मटकी, हुलगे, चवळी यांना मोड आणून कालवण केले, त्यांच्या ताटातले काही कमी झाले नाही. शेवग्याचा पाला, माठ, अंबाडी, चाकवत या भाज्या आपल्या आजी-आयांनी गरिबीत खाल्ल्या म्हणून त्या हलक्या ठरत नाहीत. सुकट-जवळा उन्हाळ्यात स्वच्छ करून, वाळवून डब्यात भरून ठेवला तर पावसाळ्यात कोरड्यासाला कामी येतो. आणि जेवण सर्वांनी एकत्र बसून करावे. एकत्र बसले की कोणाच्या ताटात काय नाही ते सर्वांना दिसते.

कात्री कुठे लावावी

आता गळती पाहू. दोन मुलांना रोज दहा-दहा रुपयांची चटपटीत पुडी दिली तर दिवसाला २० रुपये, महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,३०० रुपये होतात. एवढ्यात दोघांच्या वह्या, दप्तर आणि गणवेशाचा मोठा भाग निघेल. त्याऐवजी शेंगदाणे, फुटाणे, कुरमुरे घरच्या डब्यात असावेत.

दुसरी गळती घरच्या कर्त्या पुरुषाच्या खिशात असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. मावा, गुटखा, दारू यांवर रोज ५० रुपये गेले तरी वर्षाला १८,२५० रुपये होतात. विहारात पाचवे शील ग्रहण करायचे आणि बाहेर पडून टपरीवर थांबायचे, याला काय म्हणावे? दीघजाणूला भगवंतांनी संपत्ती वाहून जाण्याची जी चार तोंडे सांगितली, त्यांत दारू आणि जुगार ही दोन आहेत. ती तोंडे उघडी ठेवून गृहिणीला तेल कमी वापरायला सांगणे हा अन्याय आहे.

रेशन हा हक्क आहे

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पाच माणसांच्या प्राधान्य घराचे २५ किलो होतात. पण नव्या सुनेचे किंवा लहान मुलाचे नाव कार्डावर चढवलेलेच नसते. एका नावामागे वर्षाला ६० किलो धान्य जाते. तेव्हा या आठवड्यात आपले कार्ड काढून नावे तपासा, प्रत्येकाची आधार जोडणी आणि ई-केवायसी झाली आहे का पाहा. धान्य घेताना यंत्रातून निघणारी पावती मागून घ्या आणि पावतीइतके वजन मिळाले का ते मोजा. कमी मिळाले तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

काही घरांत रेशनचा तांदूळ दारावरच्या व्यापाऱ्याला कवडीमोलाने विकून दुकानातला बारीक तांदूळ आणतात. त्यापेक्षा त्या तांदळाचे पीठ दळून भाकरी, घावन करावे आणि बारीक तांदूळ सुट्टीच्या दिवशी, पाहुण्यांसाठी ठेवावा.

दुकानात काय पाहावे

यादी घरून लिहून न्यावी आणि जेवून बाजारात जावे. उपाशीपोटी आणि यादीशिवाय गेलेला माणूस जास्त खर्च करून येतो. पाकिटावर छापील किंमत, निव्वळ वजन आणि तारीख पाहावी. किंमत तीच ठेवून वजन घटवलेली पाकिटे बाजारात पुष्कळ आहेत. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते. शेजारी तसेच दिसणारे पाकीट ८०० किंवा ७५० ग्रॅमचे असू शकते. म्हणून भाव पाकिटाचा न विचारता किलोचा किंवा लिटरचा काढावा. समजा, १०० ग्रॅमची पुडी २२ रुपयांना आणि किलोचे पाकीट १९० रुपयांना आहे. रोज पुडी आणणारा किलोमागे ३० रुपये जादा मोजतो. गरिबाला तीच वस्तू महाग पडते ती अशी. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे हा गुन्हा आहे. त्याबाबत ग्राहकांच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. सुटा माल घेताना काटा शून्यावर आहे का ते आधी पाहावे.

एकट्या घराला मोठे पाकीट परवडत नसेल तर बचत गटातील आठ-दहा भगिनींनी मिळून तांदळाचा कट्टा, डाळ, साखर घाऊक बाजारातून आणावी आणि वाटून घ्यावी. नवी मुंबईची बाजार समिती, पुण्याचे मार्केट यार्ड येथे असे अनेक जण करतात. मात्र गाडीभाडे धरूनच भाव काढावा. भाड्यात फायदा बुडत असेल तर जवळचे दुकान बरे.

हिशेब दोघांचा

सिगालाला उपदेश करताना भगवान बुद्धांनी पतीच्या कर्तव्यांत घरचा अधिकार पत्नीच्या हाती देणे हे एक कर्तव्य सांगितले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना पतीच्या बरोबरीने, त्याची मैत्रीण म्हणून उभे राहण्यास सांगितले. हे दोन्ही घरात आणायचे तर मिळकत किती आणि खर्च किती हे दोघांना माहीत पाहिजे. जिला नवऱ्याचा पगारच ठाऊक नाही, तिला खर्च जास्त का झाला म्हणून विचारण्याचा कोणाला अधिकार नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, दोघांनी वही घेऊन बसावे. सातवी-आठवीतल्या मुला-मुलीला बेरीज करायला बसवावे. गणित पक्के होईल आणि आईबाप किती कष्टाने घर चालवतात तेही कळेल.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास सुमारे तेरा आठवड्यांचा असतो. या काळात घरोघरी, विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्याच्या जोडीने प्रत्येक कुटुंबाने तेरा आठवडे खर्चाची वही लिहिण्याचा संकल्प करावा. वर उदाहरणात दिलेली बारा आठवड्यांची उधारी तेवढ्यात फिटते. तेराव्या आठवड्यापासून तेच २०० रुपये मुलांच्या शिक्षणासाठी पोस्टात किंवा बँकेत टाकावेत. मिळकतीचा चौथा हिस्सा अडीअडचणीसाठी राखावा असे सिगालाला सांगितले आहे. हातावर पोट असलेल्या घराला आज ते जमणार नाही. पण दोनशेने सुरुवात जमते.

ज्या घराची वाण्याच्या वहीत बाकी नाही, त्या घरातला माणूस कामावर मालकापुढे आणि वस्तीत पुढाऱ्यापुढे मान वर करून बोलू शकतो. मोर्चाला जायचे त्या दिवशी त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

जयभीम!