शेवटचा रुपया कोठें जावा?



महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत आपल्या घरोघरीं जो हिशेब होतो, त्याला अर्थशास्त्राचें नांव कोणी देत नाहीं. तरी तें अर्थशास्त्रच असतें. उत्पन्नाला सीमा असते, गरजांना नसते. घरभाडें, किराणा, दूध, मुलांची फी, औषधें, वीज, पाहुणारावळा, सणवार, सगळ्यांचा डोळा एकाच मिळकतीवर. अशा वेळीं पैसा कसा वांटला असतां घराला जास्तींत जास्त समाधान लाभेल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाचें रूढ उत्तर असें कीं, आधीं गरजेच्या वस्तू घ्याव्या, मग सोयीच्या, आणि उरलेंच तर चैनीच्या. हें ऐकावयास शहाणपणाचें वाटतें. पण त्यानें हिशेब सुटत नाहीं. तांदूळ ही गरज खरी. पण तो कोणत्या प्रतीचा घ्यावा व किती घ्यावा, हें त्या उत्तरांत सांपडत नाहीं. गरज आणि चैन यांची सीमा वस्तूवस्तूंमध्यें नसते. एकाच वस्तूच्या पहिल्या मापांत गरज असते आणि शेवटच्या मापांत चैन असूं शकते.

नागपूरकरांस हें समजावून देण्यास संत्र्यासारखें दुसरें उदाहरण नाहीं. आंबिया बहाराचीं संत्रीं बाजारांत आलीं म्हणजे पहिल्या फळाची गोडी कांहीं निराळीच लागते. दुसरेंहि आपण आवडीनें खातों. चौथें कोणी आग्रह केला म्हणून खातों, आणि सहावें शेजारीं पाठवावेंसें वाटतें. फळ तेंच, रस तोच. परंतु प्रत्येक पुढच्या फळापासून मिळणारें समाधान मागच्यापेक्षां कमी. यालाच घटत्या उपयोगितेचा नियम म्हणतात, आणि शेवटच्या मापापासून मिळणाऱ्या समाधानाला सीमान्त उपयोगिता हें नांव आहे.

या नियमावरून घरखर्चाची रीत प्रथम स्पष्टपणें सांगितली ती हेर्मान गॉसेन या प्रशियन गृहस्थानें. त्याचा ग्रंथ १८५४ सालीं निघाला. पण तो इतका कमी खपला कीं, उरलेल्या प्रती त्यानें परत घेतल्या. पुढें १८७१ सालीं इंग्लंडांत जेव्हन्सनें असाच विचार स्वतंत्रपणें मांडला, आणि १८७९ च्या आपल्या दुसऱ्या आवृत्तींत गॉसेनचें श्रेय मोकळेपणानें मान्य केलें.

ही रीत थोडक्यांत अशी: प्रत्येक बाबीवर जाणाऱ्या शेवटच्या रुपयापासून सारखेंच समाधान मिळावें. समजा, एका घरांत महिन्याकांठीं बाहेरच्या फराळावर आठशें रुपये जातात आणि वाचनावर दोनशें. फराळाचे शेवटचे शंभर रुपये कमी केले तर कोणाचें विशेष अडत नाहीं. त्याच शंभरांत एखादें पुस्तक आलें तर तें चौघें वाचतात. मग ते शंभर रुपये तिकडे वळवावे. आणखी शंभर वळवावे काय? अवश्य, पण कोठवर? फराळाची उणीव जाणवूं लागेल आणि पुस्तकें न वाचतां पडून राहूं लागतील, तेथवर. लक्षांत घ्या, दोन्ही बाबींवर सारखा पैसा खर्चावा असें शास्त्र सांगत नाहीं. दूध श्रेष्ठ कीं वर्तमानपत्र, हा वादच व्यर्थ आहे. अर्धा लिटर अधिक दूध कीं त्याच पैशांत दुसरें कांहीं, एवढाच प्रश्न खरा.

आतां किंमतीचा विचार करूं. मे महिन्यांत नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे कूलरशिवाय दुपार निघत नाहीं, आणि पुढच्या महिन्यांत बिल येतें. महावितरणाच्या घरगुती दरपत्रकांत पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना त्याहून चढा, आणि ३०१ च्या पुढें आणखी चढा दर असतो. तीनशेंची सीमा ओलांडली कीं साऱ्या युनिटांना वरचा दर लागतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. वरचा दर सीमेपलीकडील युनिटांनाच लागतो. म्हणून सीमा ओलांडली एवढ्यावरून घाबरूं नये. पण एकंदर बिलाला युनिटांनीं भागून सरासरी काढावी आणि निश्चिंत व्हावें, हेंहि योग्य नव्हे. शेवटचें युनिट सर्वांत महाग असतें. तें आजाऱ्याच्या खोलींत खर्च झालें कीं रिकाम्या बैठकींत, हें पाहणें म्हणजेच सीमान्त विचार.

घराघरांचे हे निर्णय एकत्र केले म्हणजे देशाचें चित्र दिसतें. कुटुंब जितकें गरीब, तितका त्याच्या खर्चांत अन्नाचा वांटा मोठा, हें एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें १८५७ सालीं दाखविलें. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणें शहरी कुटुंबांच्या खर्चांत अन्नाचा वांटा १९९९-२००० सालीं सुमारें ४८ टक्के होता. २०२३-२४ सालीं तो सुमारें ४० टक्के झाला. खेड्यांत तो ५९ वरून ४७ टक्क्यांवर आला. पोटाची निकड भागत गेली, तसा पुढचा रुपया इतर गरजांकडे वळला.

परंतु ज्या घरांत वळविण्याजोगा रुपयाच नाहीं, तेथें काय? पुण्याच्या गोखले संस्थेंतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत १९६०-६१ च्या किंमतींनीं किमान गरजेचा खर्च खेड्यांत दरडोई दरमहा १५ रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये धरला होता. तेवढाहि खर्च न झेपणारे कोट्यवधि लोक त्या वेळीं देशांत होते, असें त्यांनीं दाखवून दिलें. अशा घरांत पहिला रुपया भाकरीचा आणि शेवटचाहि भाकरीचाच. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंस काटकसरीचा उपदेश करण्यापूर्वीं आपण हें ध्यानांत घ्यावें.

आतां शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. शास्त्र म्हणतें, समाधान जास्तींत जास्त व्हावें. पण कोणाचें? कुटुंब म्हणजे कांहीं एक मनुष्य नव्हे. जो मोठ्यानें मागतो त्याची गरज मोठी दिसते, आणि जो मागतच नाहीं त्याची कोणाच्या हिशेबींच येत नाहीं. आजीच्या चष्म्याचा नंबर बदललेला असतो, पण ती म्हणते, "चालतंय माझं." गृहिणी आपली दाढदुखी दिवाळीपलीकडे ढकलते. मुलाच्या दुचाकीचा हप्ता आणि मुलीच्या शिकवणीची फी एकाच महिन्यांत आलीं, तर थांबते ती बहुधा फी. वहीवर खर्च जमेशीं बरोबर जुळतो; समाधानाचीं पारडीं मात्र समतोल नसतात. चष्म्याला लागणाऱ्या पैशांनीं त्या घरांत जेवढें समाधान वाढलें असतें, तेवढें दुसऱ्या कशानेंहि वाढलें नसतें.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या महिन्याचा हिशेब मांडतांना कोणती बाब कमी करावी हें ठरविण्याआधीं, ज्यांनीं गेल्या महिन्यांत कांहींच मागितलें नाहीं त्यांना एकदां विचारावें. "कांहीं नको," असें उत्तर आलें तर पुन्हां विचारावें. पुष्कळदां शेवटच्या रुपयाचें योग्य ठिकाण तेथेंच सांपडतें.