चूक माणसाची, मांडणी कोणाची? ह्यूमन फॅक्टर्स संशोधन आणि वर्तनाचे आकडेशास्त्र

ह्यूमन फॅक्टर्स ही विद्याशाखा माणसाची नजर, कान, हात, स्मरणशक्ती आणि थकवा यांच्या मर्यादा मोजते आणि यंत्रे, रस्ते, फलाट, पडदे, सूचनाफलक त्या मर्यादांना धरून बनवायला सांगते. अपघातानंतर चौकशीत ‘मानवी चूक’ असा शेरा पडला की बहुतेकांच्या दृष्टीने प्रकरण मिटते. या शाखेचे काम त्या शेऱ्यापासून सुरू होते. तीच चूक वेगवेगळी माणसे त्याच जागी पुन्हा पुन्हा करत असतील, तर दोष माणसांत शोधण्यापेक्षा जागेत शोधावा, हे तिचे मूळ गृहीतक आहे. ते पटवून द्यायला मोजमाप लागते, आणि तिथे वर्तनाच्या आकडेवारीचे विश्लेषण येते.

शाखेचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकेची बी-17 बॉम्बर विमाने सुखरूप उतरत आणि धावपट्टीवर आल्यावर वैमानिक चुकून चाकेच आत ओढून घेत. 1943 मध्ये अल्फॉन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले, तेव्हा चाकांचा आणि पंखांच्या फ्लॅपचा खटका शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखाच निघाला. एकाला चाकाच्या आकाराची मूठ आणि दुसऱ्याला पाचरीसारखी मूठ बसवली, एवढ्यावर प्रश्न सुटला. 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलेले 460 प्रसंग वर्गवारी करून मांडले. किश्शांची आकडेवारी करण्याची ही पद्धत आजही जवळजवळ तशीच वापरली जाते.

महाराष्ट्रात या कामाच्या संस्था मुंबईभोवतीच उभ्या राहिल्या. शीवची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट कारखान्यांतील उष्णता, वजन उचलणे, पाळ्या अशा प्रश्नांकडे पाहत आली. 1963 मध्ये पवईला निटी सुरू झाली, ती आता आयआयएम मुंबई झाली आहे. आयआयटी मुंबईतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, 1969 चे. पण या शहराची सगळ्यात मोठी प्रयोगशाळा कुठल्याच संस्थेच्या आवारात नाही; ती कसारा-कर्जतपासून सीएसएमटीपर्यंत रुळांवर पसरलेली आहे.

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी 2012 मध्ये अहवाल दिला. रूळ ओलांडताना व रुळांवर वावरताना देशात वर्षाला सुमारे 15,000 माणसे मरतात आणि त्यांतली सुमारे 6,000 एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर, असा तिचा अंदाज होता. रेल्वे पोलिसांच्या त्या काळातल्या नोंदी मात्र यापेक्षा बऱ्याच खाली होत्या. विद्यार्थ्याला पहिला धडा इथेच मिळतो. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, खांबाला आपटून, फलाट आणि गाडीच्या फटीत सापडून, विजेच्या धक्क्याने, आत्महत्येने, आजाराने असे मृत्यूचे रकाने असतात. रात्री दिवा-कळव्याच्या दरम्यान सापडलेला देह कोणत्या रकान्यात जाणार हे हवालदाराच्या तर्कावर असते. पुढचे सगळे गणित त्या तर्कावर उभे राहते.

याच प्रश्नावर झालेला एक प्रयोग जगभर सांगितला जातो, तो वडाळ्याचा. मुंबईच्या फायनल माइल या सल्लागार संस्थेने 2009 च्या अखेरीस मध्य रेल्वेच्या सहकार्याने हार्बर मार्गावर वडाळ्याजवळ तीन साधे बदल केले. मोठी वस्तू प्रत्यक्षापेक्षा हळू येतेय असे डोळ्यांना वाटते. हर्शेल लायबोविट्झ यांनी 1985 मध्ये रेल्वे फाटकांच्या संदर्भात ही गोष्ट मांडली होती. समोरून येणाऱ्या लोकलचा वेग माणसाला कमी वाटतो तो यामुळे. म्हणून काही स्लीपर थोड्या-थोड्या अंतराने पिवळे रंगवले. गाडी एकामागून एक पट्टे गिळत येताना दिसली की वेगाचा अंदाज सुधारतो. दुसरा बदल शिट्टीचा. एक लांब शिट्टी शहराच्या गोंगाटात विरून जाते. मध्ये शांतता सोडून दिलेल्या दोन तुटक शिट्ट्यांकडे कान वळतो. तिसरा बदल फलकाचा. ‘रूळ ओलांडू नये, दंड होईल’ या मजकुराऐवजी गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. मृत्यू बरेच घटल्याच्या बातम्या आल्या आणि हा उपाय पुढे इतर ठिकाणीही नेण्यात आला.

प्रयोगाची कल्पकता निर्विवाद आहे. पुराव्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि या क्षेत्रात शिरणाऱ्याने इथे थांबून नीट विचार करावा. समजा एखाद्या ठिकाणी वर्षाला सरासरी 12 मृत्यू होतात. काहीही न करता, केवळ योगायोगाने, एखाद्या वर्षी तिथे 6 आणि एखाद्या वर्षी 18 होऊ शकतात. अशा विरळ घटनांच्या गणितात साधारण 5 ते 19 ही नेहमीची हेलकाव्याची कक्षा आहे. प्रयोगासाठी जागा निवडताना आदल्या वर्षी जिथे आकडा सर्वांत वर होता तीच निवडली जाते. पुढच्या वर्षी तो आकडा बहुधा सरासरीकडे खाली येणार, पिवळा रंग लावा वा लावू नका. यावर उतारा एकच: तशाच काही जागा न रंगवता ठेवायच्या आणि दोन्हींची तुलना करायची. जीव जात असताना असे ‘न रंगवता’ ठेवणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाते. म्हणून मग जागा टप्प्याटप्प्याने, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवून घेतल्या जातात. आपल्याकडच्या गाजलेल्या वर्तनप्रयोगांत ही शिस्त क्वचितच दिसते.

छेदाचा प्रश्न याहून अवघड. मृत्यू किती हे कळले तरी किती माणसांमागे, हे कळत नाही. मासिक पासावर माणूस दिवसातून किती वेळा चढला याची नोंद कुठेही होत नाही. डोंबिवलीचे कितीतरी प्रवासी सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटे कल्याणला जातात आणि त्याच गाडीने परत येतात. तिकिटांच्या हिशेबात हा प्रवास झालेलाच नसतो. म्हणून संशोधकाला पुलावर कॅमेरा लावून डोकी मोजावी लागतात. अडीच तासांच्या चित्रीकरणातून कोण किती सेकंद थांबले, कोणी मोबाइल कानाला लावला होता, कोणी दोन्ही बाजूंना पाहिले, याच्या नोंदी दोन जण स्वतंत्रपणे करतात आणि त्या नोंदी कितपत जुळतात हेही मोजले जाते. हे काम कंटाळवाणे असते, पण खरा पेशा तिथेच असतो.

वर्तन बदलण्याच्या उपायांना मर्यादाही आहे, हे 9 जून 2025 ला मुंब्र्याने दाखवले. वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि किमान चार जण गेले. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसे उभी असतात. त्या गर्दीला रेल्वेच्या परिभाषेत स्वतंत्र नावच आहे. अशा ठिकाणी ‘दारात उभे राहू नका’ ही उद्घोषणा थट्टा ठरते. नंतर रेल्वेने नव्या बिगर-वातानुकूलित गाड्यांना आपोआप बंद होणारी दारे आणि हवा खेळण्यासाठी झडपा देण्याचे जाहीर केले. तरी दार वीस-तीस सेकंदांच्या थांब्यात मिटले पाहिजे, दारातल्या दप्तराचे काय करायचे हे ठरले पाहिजे, हे प्रश्न राहतात आणि तेही याच शाखेचे आहेत. जानेवारी 2014 मध्ये घाटकोपरला फटीत सापडून एका तरुणीचे दोन्ही हात गेले, त्यानंतर फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला जोर आला. त्या वेळीही उत्तर सूचनेत नव्हते, सिमेंटमध्ये होते.

रेल्वेतच या शास्त्राचा आणखी एक चेहरा भेटतो, तो भरतीत. असिस्टंट लोको पायलट होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना संगणकावर अभियोग्यता चाचण्या द्याव्या लागतात: स्मरण, सूचना पाळणे, खोलीचा अंदाज, एकाग्रता, झटपट पाहणे. प्रत्येकीत किमान 42 टी-स्कोअर हवा. त्यात कोणत्याही प्रवर्गाला सूट नाही. टी-स्कोअर म्हणजे सरासरीला 50 आणि प्रमाण विचलनाला 10 धरून केलेले रूपांतर, म्हणजे 42 ही रेषा सरासरीच्या थोडीच खाली. एका चाचणीत साधारण 79 टक्के उमेदवार तिच्यावर राहतात. पण पाचही चाचण्या पार व्हायच्या, आणि त्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असत्या तर फक्त सुमारे 30 टक्के उरले असते. प्रत्यक्षात त्यांच्यात थोडाफार संबंध असतो, त्यामुळे आकडा वर जातो. ‘सगळे पेपर सोपे होते, तरी उडालो’ ही तक्रार त्या गुणाकारातून येते.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 ला झालेले स्फोट कोणी विसरलेले नाही. त्यांची कारणे तपासाचा विषय आहेत. पण रासायनिक कारखान्याच्या नियंत्रण कक्षात ह्यूमन फॅक्टर्सचे काम काय असते ते वेल्समधल्या मिल्फर्ड हेवनच्या उदाहरणावरून कळते. 1994 मध्ये तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोटाआधीच्या जेमतेम अकरा मिनिटांत ऑपरेटरपुढे 275 अलार्म वाजले. दहा मिनिटांत एखादाच अलार्म असावा, अशी पुढे मार्गदर्शक मर्यादा आली. पाळी संपताना काय सांगितले जाते, झडपांवर कोणत्या भाषेत लिहिले आहे, कंत्राटी कामगाराला ते वाचता येते का, हे इथले प्रश्न. आपल्या लहान कारखान्यांत ते विचारायला पगारी माणूस क्वचितच असतो.

मोबाइलच्या पडद्यावरचे काम याच शाखेची दुसऱ्या टोकाची फांदी, आणि सध्या नोकऱ्या तिथेच जास्त आहेत. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण स्वरचक्राचे. आयडीसीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या गटाने तयार केलेला हा कीबोर्ड 2013 मध्ये आला. ‘क’वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु यांचे चक्र उमलते आणि बोट त्या दिशेला सरकवले की अक्षर उमटते. बाराखडी शाळेत ज्या क्रमाने पाठ झाली त्या ओळखीवर तो उभा आहे. तो चांगला की वाईट हे मतांवर सोडलेले नाही: नव्या वापरणाऱ्यांना वाक्ये देऊन, बरेच दिवस टंकायला लावून, मिनिटाला किती अक्षरे उमटली आणि किती चुका झाल्या हे इतर कीबोर्डांशी ताडून पाहिले गेले. पहिल्या दिवसाचा वेग आणि सरावानंतरचा वेग ही दोन वेगळी उत्तरे असतात, आणि कंपन्या बहुधा पहिल्यावरच भुलतात.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, मानपाडा-पाटलीपाड्याच्या पट्ट्यात सॉफ्टवेअर कंपन्यांची मोठी कार्यालये आहेत. तिथे हेच काम यूएक्स रिसर्चर या नावाने चालते. त्याच रस्त्यावर उड्डाणपुलाखाली पादचारी सेवा रस्ता आणि मुख्य रस्ता यांच्यामधून वाट काढत असतात. त्यांची ती वाट अभ्यासण्याचे काम मात्र कोणाच्याच पदनामात नाही. मेट्रो 4 च्या आराखड्यात इथे मानपाडा स्थानक आहे, तर कल्याण-तळोजा मेट्रो 12 वर डोंबिवलीच्या मानपाड्यातही त्याच नावाचे स्थानक आहे. एकाच प्राधिकरणाच्या जाळ्यात एका नावाची दोन स्थानके म्हणजे तिकीट यंत्रावर, नकाशात आणि उद्घोषणेत होणाऱ्या घोटाळ्याची आगाऊ सूचनाच. गाड्या धावण्याआधी पन्नासेक लोकांना खोट्या तिकीट-पडद्यासमोर बसवून तो घोटाळा मोजता येतो आणि खर्चही फारसा येत नाही.

या पेशात येण्याची वाट एक नाही. मानसशास्त्र, संख्याशास्त्र, फिजिओथेरपी, अभियांत्रिकी, वास्तुकला या सगळ्यांतून माणसे येतात. डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आयआयटी मुंबई घेते ती सीड परीक्षा असते. आयडीसीत प्रवेश तिच्यावर. मानसशास्त्रवाल्याला संख्याशास्त्राची भीती आणि अभियंत्याला माणसांशी बोलण्याचा संकोच, अशी दोन्हीकडची उणीव भरून काढावी लागते. आर किंवा पायथॉन काही महिन्यांत शिकता येते. सॅम्पल किती मोठे हवे हे आधी ठरवणे आणि निकाल मनासारखा आला नाही तरी तसाच छापणे याला जास्त वर्षे लागतात. माणसांची संमती, चेहरे झाकणे, नोंदी किती काळ ठेवायच्या हे पूर्वी ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने त्याला कायद्याची चौकट दिली आहे.

सुरुवातीच्या नोकरीत मिळते ते बहुधा दुसऱ्याच्या आकड्यांची साफसफाई. रेल्वे पोलिसांच्या नोंदवह्या, टोल नाक्याचे चित्रीकरण, ॲपच्या क्लिकच्या लाखो ओळी; त्यांतल्या वेळा चुकलेल्या, एकाच अपघाताच्या दोन ठाण्यांत दोन नोंदी, वयाच्या रकान्यात शून्य. शेजारच्या दोन रेल्वे पोलीस ठाण्यांच्या हद्दी कुठे मिळतात हे ठाऊक नसेल, तर त्या जोडणीवरचे मृत्यू दोनदा मोजले जातात किंवा एकदाही नाही. ते समजायला सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही. ठाण्यात जाऊन वही लिहिणाऱ्या हवालदाराशेजारी बसावे लागते.