मूलकणांची गोष्ट, भाग ७ : तोतया

गेल्या आठवड्यातली पॉझिट्रॉनची हकिगत सरळ होती. डिरॅकच्या समीकरणाने तो सुचवला, अँडरसनच्या क्लाउड चेंबरमध्ये तो दिसला, संपलं. आजची गोष्ट तेवढी सालस नाही. यात एका कणाची वाट पाहिली जात होती, त्याच वर्णनाचा एक कण आला, सगळ्यांनी त्याला घरात घेतलं आणि दहा वर्षांनी कळलं की हा तो नव्हेच. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याची आठवण व्हावी असा हा प्रकार. फरक एवढाच की, या कणाने बिचाऱ्याने स्वतःहून कसलाच दावा केला नव्हता.

वाट पाहणारा होता ओसाका विद्यापीठातला सत्तावीस वर्षांचा हिदेकी युकावा. अणुकेंद्रकात प्रोटॉन दाटीवाटीने बसलेले असतात. सगळे धनभारित, म्हणजे खरं तर त्यांनी एकमेकांना दूर ढकलायला हवं. तरी केंद्रक फुटत नाही, म्हणजे विजेहून जोरकस असं काहीतरी त्यांना बांधून ठेवतं. पण या बलाचा पल्ला फारच तोकडा. मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एक-दोन भागांएवढा. असं का?

पुंजभौतिकीत एक मुभा आहे. ऊर्जा हातउसनी घेता येते. मात्र रक्कम जितकी मोठी, तितकी परतफेडीची मुदत कमी. युकावाने म्हटलं, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आपसांत एखाद्या कणाची देवाणघेवाण करत असतील, तर त्या कणाच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा त्यांना उसनी घ्यावी लागेल आणि मुदत संपायच्या आत कण पलीकडे पोचवावा लागेल. कण जड, तर मुदत कमी. मुदत कमी, तर पल्ला कमी. पल्ला माहीत होता, त्यावरून वस्तुमान निघालं. इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट. १९३५ साली हा निबंध जपानमध्ये छापून आला आणि पश्चिमेत जवळपास कुणी वाचला नाही.

दोन वर्षं गेली. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये अँडरसन (हो, पॉझिट्रॉनवालाच) आणि नेडरमायर वैश्विक किरणांचा माग काढत होते. आपला जड क्लाउड चेंबर घेऊन ते पाइक्स पीक डोंगरावरही जाऊन आले होते. त्यांना अशा रेषा दिसल्या की त्या इलेक्ट्रॉनच्याही नव्हेत आणि प्रोटॉनच्याही. वस्तुमान या दोहोंच्या मधलं, इलेक्ट्रॉनच्या दोनशे पटींच्या आसपास. आता कुणालाही काय वाटेल? युकावाचा निबंध शोधून काढला गेला, आकडे शेजारी ठेवले गेले आणि ओळख पक्की झाली. कणाला ‘मेसोट्रॉन’ म्हणू लागले. मुंबईच्या होमी भाभांनी १९३९ साली ‘नेचर’मध्ये पत्र लिहून मूळ ग्रीक शब्दात ‘ट्र’ला जागाच नाही असं दाखवलं आणि ‘मेसॉन’ हे नाव पुढे केलं. नाव सुधारलं, पण ओळख तीच राहिली.

खरं तर शंका यायला हवी होती. केंद्रकाला बांधून ठेवणारा कण केंद्रक दिसताच त्यात गुंतला पाहिजे. हा मात्र शिशाच्या जाड थरांतूनही आरपार निघून जायचा.

त्या शंकेचा तुकडा पाडला तो रोममधल्या तिघांनी. कॉन्व्हर्सी, पान्चिनी आणि पिचोनी. काळ महायुद्धाचा. जुलै १९४३ मध्ये विद्यापीठाजवळच्या वस्तीवर बॉम्ब पडले, तेव्हा प्रयोगाचं सामान व्हॅटिकनजवळच्या एका शाळेत हलवलं गेलं. व्हॅटिकनवर तरी कुणी बॉम्ब टाकणार नाही, एवढाच हिशोब. पान्चिनी त्या काळात नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात होता, तो युद्धानंतर येऊन मिळाला.

प्रयोगामागचा विचार साधा होता. मेसॉन पदार्थात थांबवायचे आणि बघायचं. धनभारित मेसॉनला केंद्रक जवळ येऊ देणार नाही, तो आपल्या मरणाने मरेल. ऋणभारित मात्र ओढला जाईल आणि गिळला जाईल. लोखंडात तसंच घडलं. मग त्यांनी कार्बन वापरला, आणि तिथे ऋणभारित मेसॉनही केंद्रकाच्या दारात आरामात रेंगाळून, आपलं आयुष्य पुरं करून विघटित होऊ लागले. १९४७ च्या सुरुवातीला निकाल छापून आला. हिशोब मांडला तेव्हा अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत एकावर बारा शून्यं इतकी तफावत निघाली. एवढी तफावत मापातल्या चुकीने येत नसते. ज्याला केंद्रकाची ओढच नाही, तो केंद्रकाला बांधणारा कसा असेल?

मग खरा कुठे होता? वर, डोंगरावर. तो केंद्रकात चटकन गुंततो आणि मोकळा राहिला तरी सेकंदाच्या चार कोटीव्या भागाच्या आतबाहेर विघटित होतो. जमिनीपर्यंत पोचतच नाही. त्याला उंचीवर गाठायला हवं, आणि डोंगरावर ठेवायला सोपं साधन म्हणजे फोटोच्या प्लेटा. कणाची वाट त्यातल्या इमल्शनमध्ये उमटते. हे तंत्र व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाऊ यांनी वर्षानुवर्षं घासून उभं केलं होतं. ज्यू असल्याने १९३८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला.

याच तंत्राने कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधले देबेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंगला आणि सुमारे बारा हजार फुटांवरच्या संदकफूला महिनोन्महिने प्लेटा ठेवल्या. मधल्या वस्तुमानाच्या कणांच्या रेषा त्यांना मिळाल्या, निबंध १९४० पासून ‘नेचर’मध्ये आले. त्यावरून ‘बिभा चौधुरींचं नोबेल हिसकावलं’ असे संदेश अधूनमधून फिरत असतात. मला ते पटत नाही. त्यांच्या साध्या हाफ-टोन प्लेटांवर दोन मेसॉन वेगळे ओळखणं शक्यच नव्हतं आणि युद्धामुळे चांगल्या प्लेटा मिळेनात. वाट बरोबर होती, साधन तोकडं पडलं. एवढं म्हणणंही त्यांचा पुरेसा गौरव आहे. बिभाताई पुढे १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या, तिथल्या पहिल्या महिला संशोधक म्हणून.

युद्ध संपलं आणि इल्फर्ड कंपनीने कितीतरी दाट इमल्शन तयार केलं. ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटात ऑक्यालिनी हा इटालियन आणि सेझार लातेस हा विशीतला ब्राझिलियन होता. ऑक्यालिनीने प्लेटा पिरेनीज पर्वतातल्या पिक दु मिदीवर नेल्या. प्लेटा धुऊन आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली त्या बघायचं काम तरुण मुलींकडे होतं. तांदूळ निवडावेत तसं कण न् कण पाहत जायचं. त्यांतल्या मारिएटा कुर्झ यांना एक रेषा संपते तिथूनच दुसरी सुरू झालेली दिसली. एक मेसॉन थांबला आणि त्यातून दुसरा निघाला! लातेस मग बोलिव्हियात पाच हजार मीटरच्या वर चाकाल्तायाला प्लेटा घेऊन गेला आणि तिथून अशा आणखी कितीतरी जोड्या आल्या.

माझ्या मते या शोधाचं मर्म एका मापात आहे. दुसरी रेषा दर वेळी सारख्याच लांबीची भरायची, सुमारे ०.६ मिलिमीटर. वाटणीला तिघे असले तर कधी एकाला जास्त, कधी दुसऱ्याला. दोघेच असले आणि दोघांची वजनं ठरलेली असली, तर हिस्साही ठरलेलाच. म्हणजे थांबलेल्या कणाचे दोनच तुकडे होत होते. एक दिसणारा, एक न दिसणारा. थांबणारा तो युकावाचा पायॉन, इलेक्ट्रॉनच्या २७३ पट. त्यातून निघणारा तो आपला तोतया म्यूऑन, २०७ पट. वस्तुमानं इतकी जवळ आणि एक दुसऱ्याच्या पोटचा! फसगत झाली यात नवल ते काय.

युकावाला १९४९ चं नोबेल मिळालं, जपानचं पहिलं. १९५० चं एकट्या पॉवेल यांना. ब्लाऊ, ऑक्यालिनी, लातेस यांच्या वाट्याला काही नाही. हा अन्याय मात्र मला खरा वाटतो.

म्यूऑनचं काय करायचं हा प्रश्न उरलाच. इसिडोर रबी यांनी खानावळीतल्या गिऱ्हाइकासारखं विचारलं म्हणतात, ‘हे कुणी मागवलं होतं?’ उत्तर अजून नाही. सगळे गुण इलेक्ट्रॉनचे, फक्त वजन जास्त. निसर्गाला ही जड आवृत्ती कशाला लागली, हे आजही कुणी सांगू शकत नाही. गंमत पुढेच आहे. ज्याची सगळ्यांनी वाट पाहिली तो पायॉन मूलकण नाहीच, तो क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांची जोडी आहे. न मागवलेला म्यूऑन मात्र मूलकणांच्या आजच्या यादीत ठाम बसलाय. हा लेख तुम्ही वाचत असताना, तळहात आडवा धरलात तर दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन त्यातून जातोय.

त्याच १९४७ सालात मँचेस्टरमध्ये रॉचेस्टर आणि बटलर यांना क्लाउड चेंबरचे दोन विचित्र फोटो मिळाले. पुढच्या आठवड्यात तिकडे जाऊ.