दोन अधिक तीन, तेवीस

प्रोग्रामिंग शिकणाऱ्याच्या वाट्याला अगदी सुरुवातीलाच येणारा प्रोग्रॅम म्हणजे कॅल्क्युलेटर. दोन संख्या विचारायच्या, चिन्ह विचारायचं, उत्तर छापायचं. पायथनमध्ये चार-सहा ओळींत तो लिहून होतो, चाचणी म्हणून २ आणि ३ टाकले जातात आणि पडद्यावर उत्तर उमटतं: २३.

संगणकाची बेरीज चुकली, हा इथला पहिला गैरसमज. संगणकाने बेरीज केलेलीच नसते. पायथनचं ‘इनपुट’ हे फंक्शन कीबोर्डवरून आलेलं सगळं मजकूर म्हणून हाती ठेवतं, आणि दोन मजकुरांच्या मध्ये अधिकचं चिन्ह असलं की ते एकमेकांना चिकटतात. ‘इंट’ किंवा ‘फ्लोट’ लावून मजकुराची संख्या करून घेतली की उत्तर ५ येतं. जावास्क्रिप्टचं वागणं याहून खट्याळ. तिथे वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार करताना मजकुराची संख्या आपोआप होते, अधिकच्या वेळी मात्र होत नाही. म्हणजे चारपैकी तीन बटणं बरोबर चालतात, आणि बिचारा नवशिका चौथ्या बटणाच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. चूक त्याच्या आधी, आकडे वाचून घेतले तिथेच झालेली असते.

दोन संख्यांचा कॅल्क्युलेटर जमला की ‘आता पूर्ण गणित लिहू देऊ’ असं वाटतं. इथे दुसरा गैरसमज दबा धरून आहे: शाळेत पाठ केलेलं ‘कंचेभागुबेव’ जसंच्या तसं कोडमध्ये उतरवलं की झालं. तसं करून १० − ३ + २ सोडवून पाहावं. ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर, म्हणून प्रोग्रॅम आधी ३ आणि २ मिळवतो, १० मधून ५ वजा करतो आणि ५ हे उत्तर देतो. बरोबर उत्तर ९ आहे. बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखाच, त्या डावीकडून उजवीकडे क्रमाने करायच्या; गुणाकार-भागाकारांचंही तेच. वर्गात शिक्षक हे सांगतात आणि मुलं सवयीने बरोबर करतात. संगणकाला सवय नसते.

क्रमाच्या बाबतीत सगळे कॅल्क्युलेटर एकमताचे असतात, हेही खरं नाही. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये स्टँडर्ड प्रकारात २ + ३ × ४ दाबलं तर २० येतात, सायंटिफिकमध्ये १४. पहिला प्रत्येक चिन्हासरशी हिशेब उरकतो, टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरसारखा. दुसरा गुणाकाराची वाट पाहतो. दोन्ही मुद्दाम तसे बनवलेले आहेत. आपला कॅल्क्युलेटर यांपैकी कोणत्या जातीचा, हे लिहिणाऱ्याने आधीच ठरवायला हवं.

वाट पाहण्याची ही युक्ती डच संगणकतज्ज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांनी १९६१ साली मांडली. तिचं नाव ‘शंटिंग यार्ड’. संख्या सरळ पुढे जातात, चिन्हं बाजूच्या रुळावर थांबतात. नवं चिन्ह आलं की आधी थांबलेल्यांपैकी त्याच्या बरोबरीची किंवा त्याहून वरच्या मानाची चिन्हं पुढे सोडली जातात आणि मग ते स्वतः रांगेत उभं राहतं. कंसांचे नियम जोडले तरी पन्नास-साठ ओळींत हे बसतं, आणि या प्रकल्पातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच.

नेमका तोच टाळण्याचा मोह होतो, कारण ‘इव्हॅल’ नावाचं एक फंक्शन हाताशी असतं. पूर्ण गणित त्याला मजकूर म्हणून द्यावं, ते उत्तर काढून देतं. एका ओळीत कॅल्क्युलेटर! पण इव्हॅलला गणित आणि आज्ञा यांत फरक कळत नाही. आकड्यांच्या जागी कोणी फाइली पुसण्याची आज्ञा टाइप केली तर तीही तितक्याच निष्ठेने पाळली जाते. स्वतःच्या संगणकावर स्वतःपुरतं ठीक. इतरांना वापरायला द्यायच्या प्रोग्रॅममध्ये मात्र हे दार उघडं ठेवू नये.

सगळ्यात चिवट समज दशांशांचा आहे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन किंवा जावास्क्रिप्ट ०.३ अशी दाखवत नाही. ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि मग एक ४ येतो. भाषेत बिघाड आहे, असा निष्कर्ष लगेच निघतो. बिघाड नाही. दोन्ही भाषा अशा संख्या सामान्यतः ‘आयईईई ७५४’ या १९८५ सालच्या मानकाप्रमाणे ६४ बिटांत, द्विमान पद्धतीने साठवतात. एक तृतीयांश आपल्याला दशांशात पुरता लिहिता येत नाही, ०.३३३ चालूच राहतं. तसाच एक दशांश द्विमानात कधी संपत नाही. कुठेतरी तोडावा लागतो, आणि तोडलेला कण बेरजेत वर येतो. पाव आणि अर्धा मात्र बिनचूक साठतात. १ एप्रिल १९५७ पूर्वीचा आणाही साठला असता, कारण तो रुपयाचा सोळावा भाग होता. पै साठली नसती: आण्याच्या बारा पै, आणि बारात तीन दडलेला आहे.

उत्तर दोन दशांशांपर्यंत छापलं की प्रश्न मिटला, असंही मानलं जातं. तो फक्त झाकला जातो. पैशांचा हिशेब असेल तर रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी, किंवा पायथनचं ‘डेसिमल’ मॉड्यूल वापरावं. तिथेही ०.१ मजकूर म्हणून, अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. तसा दिला नाही तर चुकीचा कण आधीच आत शिरलेला असतो.

शून्याने भागल्यावर सगळीकडे सारखंच घडतं, असंही नाही. पायथन त्रुटी दाखवून थांबतं. जावास्क्रिप्ट ‘इन्फिनिटी’ लिहून पुढे जातं, आणि शून्याला शून्याने भागलं तर ‘ही संख्याच नाही’ असा शेरा देतं.

मराठी वापरणाऱ्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा तर आणखी एक खाच आहे. लाख रुपये लिहिताना माणूस सहज स्वल्पविराम देतो: १,००,०००. पायथनचं ‘फ्लोट’ ते नाकारतं, हे चांगलंच. जावास्क्रिप्टचं ‘पार्सफ्लोट’ पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि लाखाचा एक करून, काहीही न बोलता, पुढे जातं. देवनागरी अंक चालणारच नाहीत असं अनेकांना वाटतं, पण पायथनचं ‘इंट’ ते विनातक्रार वाचतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ वाचत नाही.

अशा चुका नवशिक्यांच्याच होतात, असं मात्र कोणी समजू नये. २०१७ साली ॲपलच्या आयओएस ११ मधल्या कॅल्क्युलेटरवर १ + २ + ३ घाईने दाबलं की २४ येत होते. गणित शाबूत होतं. बटण दाबल्यावरचं ॲनिमेशन संपेपर्यंत दुसरं अधिकचं चिन्ह नोंदलंच जात नसे, आणि आत १ + २३ पोहोचत. ११.२ या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. कॅल्क्युलेटरचं नुसतं रूप ठरवणंही सोपं नसतं. त्याच कंपनीत मॅकिंटॉश घडत असताना ख्रिस एस्पिनोसा कॅल्क्युलेटर तयार करत होते आणि स्टीव्ह जॉब्स यांना त्याचं रूप काही केल्या पटत नव्हतं. अखेर एस्पिनोसा यांनी रेषांची जाडी, बटणांचे आकार, पार्श्वभूमी असं सगळं मेनूतून बदलता येईल असा प्रोग्रॅम लिहिला आणि जॉब्स यांच्यापुढे ठेवला. दहाएक मिनिटांत जॉब्स यांनी हवं ते रूप जुळवलं, आणि ते मॅक ओएस ९ पर्यंत टिकलं.