कॅमेरा ट्रॅप उघडण्यापूर्वी

वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. एका बाजूचा फोटो पाहून दुसरी बाजू ओळखता येत नाही. म्हणून ताडोबाच्या जंगलवाटेवर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, जोडीने, वाटेच्या दोन्ही अंगांना बांधतात. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लागले होते. त्यांनी टिपलेल्या सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटोंपैकी वाघांचे फोटो ७६,६५१ होते. वडसा वनक्षेत्रात ऑक्टोबर २०२२मध्ये जेरबंद झालेल्या ‘सीटी-१’सारखा वाघ माणसांवर हल्ले करू लागतो, तेव्हा नेमका कोणता वाघ पकडायचा हे ठरवायलाही या फोटोंचाच आधार लागतो.

पण हा कॅमेरा काही कायम टिकत नाही. चंद्रपूरचा उन्हाळा ४६-४७ अंशांपर्यंत जातो, मग चार महिने पाऊस. रबरी पट्टी कडक होते, फटीतून ओल आणि मुंग्या शिरतात. अस्वल डबा चावते. गडचिरोलीत २०२१पासून आलेल्या रानहत्तींचीही त्यात भर पडली आहे. बंद पडलेले कॅमेरे कुठेतरी खोक्यात साचतात, आणि मग कुणीतरी हौशी तरुण पेचकस घेऊन बसतो. त्याच्यासाठी काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

आधी कॅमेऱ्याचे तोंड नीट पाहावे. समोर बारीक एलईडींची जाळी दिसली तर तो अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा. त्यात सहसा सेलांपुरताच कमी विद्युतदाब असतो. काचेमागे एकच बारीक नळी दिसली तर तो झेनॉन फ्लॅशचा. चालत्या वाघाचे पट्टे रात्री पुसट न होता उमटावेत म्हणून हा फ्लॅश वापरतात, कारण त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. एवढ्या क्षणात एवढी ऊर्जा सेल देऊ शकत नाहीत. म्हणून आतले सर्किट सेलांचा दाब ३०० व्होल्टच्या वर नेते आणि एका काळ्या, बोटाएवढ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठवून ठेवते. १२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३३० व्होल्टला भरला की त्यात साडेसहा ज्यूल ऊर्जा असते. त्याच्या दोन टोकांना बोट लागले तर जोराचा झटका बसतो, कातडी भाजते, आणि दचकून हातातला पेचकस भलतीकडेच घुसतो. सेल काढले की धोका संपला, हा समज सर्वांत घातक आहे. कपॅसिटरला सेल काढल्याचे कळत नाही. त्यातला भार तासन्‌तास टिकू शकतो.

काही जण पेचकसाच्या टोकाने कपॅसिटरच्या दोन्ही तारा जोडून तो रिकामा करतात. मोठी ठिणगी उडते, धातूचे कण डोळ्यांकडे येतात. हे करू नये. सुमारे २ किलोओहमचा, पाच वॉटचा रोधक घ्यावा, त्याच्या तारांना विद्युतरोधक आवरण असावे, आणि तो काही सेकंद टोकांना लावून धरावा. मग मल्टीमीटरने दाब मोजावा, थोड्या वेळाने पुन्हा मोजावा, कारण थोडा भार परत वर येतो. मल्टीमीटर नसेल तर झेनॉन फ्लॅशचा कॅमेरा उघडूच नये.

हाच तरुण गावातला बंद पडलेला सीसीटीव्ही उघडायला बसला, तर गणित वेगळे. भिंतीवरचा कॅमेरा बहुधा १२ व्होल्टवर चालतो. धोका असतो तो त्याला वीज देणाऱ्या पेटीत, आणि मोठ्या रेकॉर्डरच्या आतल्या वीजपुरवठ्यात. घरातले २३० व्होल्ट तिथे एकदिश होऊन कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतात. प्लग काढून, थांबून, मोजूनच हात घालावा.

कॅमेरा ट्रॅपमधले अल्कलाइन सेल गळले की पांढरी भुकटी जमते. आतला द्राव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे तीव्र अल्कली. हातमोजे आणि चष्मा हवाच. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने संपर्कपट्ट्या पुसाव्यात. डोळ्यात गेले तर मात्र व्हिनेगर नव्हे, भरपूर पाणी घ्यावे आणि लगेच दवाखाना गाठावा. सौर पट्टीवर चालणाऱ्या काही कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. ती फुगलेली दिसली तर टोचू नये, दाबू नये, घरात ठेवू नये.

मेमरी कार्डाकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही, आणि मला त्याचीच काळजी जास्त वाटते. त्यावर वाघिणीची पाणवठ्यावर येण्याची वेळ असते आणि जागाही ओळखू येते. शिकाऱ्याला हवे ते सगळे. शिवाय मोहफूल वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बायामाणसांचे फोटोही असतात. त्यांनी कुणाला संमती दिलेली नसते. ‘डिलीट’ केल्याने फक्त नोंद पुसली जाते, चित्र तसेच राहते आणि साध्या सॉफ्टवेअरने परत मिळते. सीसीटीव्ही रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कचेही तेच. कार्ड किंवा डिस्क चालू असेल तर पूर्ण जागेवर नवी माहिती लिहून जुनी झाकावी. बंद पडलेल्या कार्डातली चिपच मोडावी. एखाद्या शिकारीचा किंवा चोरीचा तपास चालू असेल तर मात्र तो पुरावा आहे, त्याला हातही लावू नये.

उरलेले सुटे भाग भंगारात द्यायचे नाहीत. तांब्यासाठी वायर जाळली की पीव्हीसीतून डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे धुरात मिसळतात, आणि हा धूर वस्तीतच पसरतो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा. बॅटऱ्यांसाठी २०२२चे वेगळे नियम आहेत. कॅमेऱ्यांच्या खरेदीच्या मंजुरीतच त्यांच्या परतीची, वाहतुकीची आणि कार्ड नष्ट केल्याच्या नोंदीची तरतूद असावी, असे मला ठामपणे वाटते.