घामोळ्यांवर काय लावावं, काय लावू नये

उन्हाळा लागला की वस्तीत लेकरांच्या मानेवर, पाठीवर, काखेत घामोळ्या उठतात. वर तापलेला पत्रा, दहा बाय दहाची खोली, त्यातच स्वयंपाक. घाम बाहेर पडायची बारीक छिद्रं बुजली की घाम कातडीखाली अडतो, पुरळ येतं आणि टोचल्यासारखं चुरचुरतं. मग शेजारची मावशी एक उपाय सांगते, मेडिकलवाला दुसरा देतो. आमचं म्हणणं एवढंच, की काहीही चोपडण्याआधी विचारा : यानं छिद्र मोकळं होईल की आणखी बुजेल?

अंग गार आणि कोरडं राहिलं तर घामोळ्या बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत आपोआप बसतात. पाणी दिवसाआड येतं, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी तांब्याभर स्वच्छ पाण्यात सुती फडकं भिजवून दिवसातून दोन-तीनदा अंग टिपता येतं. घासायचं नाही. कडुलिंबाचा पाला उकळून, गाळून, गार केलेलं पाणी मोठ्यांना चालतं; मात्र त्यात गुण पाल्यापेक्षा गार पाण्याचाच जास्त. खाज फार असेल तर कॅलामाइन लोशन लावा. मुलतानी माती मोठ्यांनी पातळ लावून लगेच धुवावी, वाळून तडकेपर्यंत ठेवू नये.

घामोळ्यांवर खोबरेल किंवा मोहरीचं तेल नको, त्यानं छिद्रं बुजतात. लिंबाचा रस, टूथपेस्ट, खायचा सोडा यांनी आधीच सोललेली कातडी भाजल्यासारखी होते. लिंबू लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डागही पडतात.

तान्ह्या बाळांचं वेगळं. त्यांची कातडी पातळ, लावलेलं अंगात लवकर भिनतं. कापूर घातलेलं तेल बाळाला लावू नका. कापूर भिनला किंवा पोटात गेला तर झटके येऊ शकतात. कडुलिंबाचं तेल तर चाटवूच नका, त्यानं लेकरं दगावलेली आहेत. घामोळ्यांच्या काही पावडरींत बोरिक ॲसिड असतं. डब्यावर ते नाव दिसलं तर ती पावडर बाळासाठी नाही. आणि कुठलीही पावडर बाळावर भुरभुरू नका, ती श्वासातून छातीत जाते.

बाळंतिणीच्या खोलीबद्दलही बोलायलाच हवं. मे महिन्यात दारं-खिडक्या लावून शेगडी, धुरी, बाळाला टोपडं, वर दोन दुपटी! आजीची माया आम्हाला कळते. पण अशा खोलीत बाळाला घामोळ्या येणार नाहीत तर काय होईल? बाळाला एक पातळ सुती झबलं पुरे. शेगडी बाहेर काढा, खिडकी उघडा.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, खाज झटक्यात थांबवणाऱ्या ट्यूबांपासून लांब राहा. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पण लावत राहिलं तर कातडी पातळ होते, पांढरी पडते, आणि नायटा असेल तर तो आतून पसरतो.

प्रत्येक पुरळ घामोळंही नसतं. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे, घरात आणखी कुणी खाजवतंय, तर ती खरूज असू शकते. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावं लागतं. ताप, खोकला, लाल डोळे आणि मग चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ, हा गोवर. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवरची साथ आली तेव्हा मुलं गेली. तिथे अंगारा नको, पाला नको, थेट दवाखाना. गोवरची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर.

घामोळ्यांत पू झाला, भोवती लाली पसरून गरम लागू लागली, ताप आला, बाळ दूध ओढेना किंवा सुस्त पडलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर रात्र असली तरी निघा. जाताना बाळाला गुंडाळू नका, आणि काय काय लावलं होतं ते डॉक्टरांना न लाजता सांगा.